नामदार गोखले आणि लोकशिक्षणाचा ध्यास

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी कोणत्या थोर पुरुषाचे चरित्र निवडावे, याविषयी आम्हांस फार विचार करावा लागला नाही. नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने महाराष्ट्र सोडून बंगळुरात स्थिरावलेल्या आपणा मंडळींच्या मेळाव्यांत एक विषय हटकून निघतो, तो मुलांच्या शाळेचा. केंद्रीय विद्यालय बरे की खासगी शाळा बरी, दुसरी भाषा हिंदी घ्यावी की कन्नड, आणि या सर्वांत मराठीचे काय करावे, यावर गणेशोत्सवाच्या मांडवापासून कोजागिरीच्या दुधापर्यंत चर्चा रंगते. शाळा निवडण्याचा हा अधिकार आपणांस इतका अंगवळणी पडला आहे की, तो अधिकार आहे याचेही भान राहत नाही. ज्यांच्या गावी निवडण्याजोगी एकही शाळा नव्हती, अशा असंख्य मुलांची बाजू मध्यवर्ती कायदेमंडळात मांडणारा आणि हरणारा पुरुष आपल्याच भाषेचा होता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे त्याचे नाव. गांधीजींचे राजकीय गुरू म्हणून त्यांचे स्मरण सर्वत्र होते. परंतु लोकशिक्षणासाठी त्यांनी केलेला उद्योग तितकाच थोर आहे, आणि त्या उद्योगाचा एक धागा या बंगळूर नगरीपर्यंत आलेला आहे. म्हणून हा अल्पसा चरित्रलेख.

बालपण आणि विद्यार्जन

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताची. वडील कृष्णराव कोल्हापूरजवळच्या कागल येथे नोकरीस होते. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतले ८ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवू लागले. उरलेल्या ७ रुपयांत घरचा संसार चाले. एका भावाची शाळा सुटली म्हणून दुसऱ्याची चालू राहिली. पुढे कायदेमंडळात गरिबाच्या मुलाच्या शाळेविषयी बोलताना गोपाळरावांच्या शब्दांना जी धार येई, तिचे मूळ या सात-आठ रुपयांच्या हिशेबात असावे, असे आम्हांस वाटते.

१८८१ साली ते मॅट्रिक झाले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशा तीन ठिकाणी शिकून १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बी. ए. झाले. त्या काळी पदवीधर तरुणास सरकारी नोकरी सहज मिळे, आणि भावाच्या त्यागाची परतफेड करण्याचा तोच सरळ मार्ग होता. गोपाळरावांनी वाट वेगळी धरली. १८८५ साली ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा ३५ रुपयांवर शिक्षक झाले, आणि पुढच्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवण्याच्या बंधनात त्यांनी स्वतःला बांधून घेतले.

शिक्षक आणि शिष्य

फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवले, इंग्रजी शिकवले, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवले. जो विषय शिकवावयास कोणी नसेल तो गोखल्यांकडे सोपवावा, असा जणू रिवाजच पडला होता. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक शाळांतून दीर्घकाळ चालले. कॉलेजच्या इमारतीसाठी निधी जमवावयास ते सुट्ट्यांत गावोगाव हिंडले. दारोदार जाऊन शिक्षणासाठी पैसा मागताना समाजात कोण देतो, कोण टाळतो आणि कोणास देण्याची ऐपतच नाही, याचे जे ज्ञान होते, ते अहवाल वाचून होत नाही.

याच काळात त्यांस न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा सहवास लाभला. रानडे हे कठोर गुरू होते. सरकारी अहवाल, जमाखर्चाची पत्रके, जनगणनेचे आकडे यांचा फडशा पाडल्याखेरीज सार्वजनिक प्रश्नावर लेखणी उचलू नये, हा त्यांचा दंडक होता. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन करीत असताना गोपाळराव या दंडकात तयार झाले. सुधारकाच्या इंग्रजी भागातही त्यांनी लेखन केले.

१८९७ साली या शिस्तीची कठोर परीक्षा झाली. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेत गेले होते. तेथे त्यांची साक्ष उत्तम झाली. परंतु पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या सोल्जरांच्या अत्याचारांविषयी पुण्याहून आलेली माहिती त्यांनी तेथील वृत्तपत्रातून प्रसिद्ध केली, आणि परत आल्यावर तिचा पुरावा मागितला गेला तेव्हा तो मिळेना. ज्यांनी माहिती दिली त्यांची नावे उघड न करता गोखल्यांनी जाहीर माफी मागितली. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. काहींनी त्यांस भित्रे ठरवले. परंतु त्यानंतर त्यांच्या तोंडून निघालेला आकडा सरकारी बाकांवरील अधिकाऱ्यांसही सहजी खोडता आला नाही. लोकांपुढे ठेवावयाची माहिती आधी पारखून घ्यावी, हा धडा त्यांनी भर बाजारात मान खाली घालून घेतला होता.

कायदेमंडळातील कार्य

१८९९ साली ते मुंबई कायदेमंडळावर निवडून आले, आणि सर फिरोजशहा मेहता यांच्यानंतर मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांची जागा गोखल्यांस मिळाली. १९०२ सालच्या अंदाजपत्रकावरील त्यांचे पहिलेच भाषण गाजले. त्या काळी सरकारी तिजोरीत दरसाल शिल्लक पडे आणि सरकार त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेई. गोखल्यांनी दाखवून दिले की, ही शिल्लक समृद्धीची खूण नसून गरजेपेक्षा अधिक कर वसूल केल्याची खूण आहे. मिठासारख्या गरिबाच्या जिनसेवर कर घ्यावा, लष्करावर आणि रेल्वेवर तो सढळ हाताने खर्चावा आणि प्राथमिक शाळांच्या वाट्यास चिमूटभर द्यावा, हा क्रम उलटा आहे, हे त्यांचे म्हणणे होते. मिठावरील कर पुढे टप्प्याटप्प्याने उतरला, त्यात या भाषणांचा वाटा होता.

१९०५ हे वर्ष त्यांच्या आयुष्याचे शिखर म्हणावयास हवे. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापिला. नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन हे त्यांचे पहिले सहकारी. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. समाजात येणाऱ्या तरुणास आधी पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. त्या काळात ग्रंथालयात बसून देशाचा अभ्यास करावयाचा आणि देशभर हिंडून तो पडताळून पाहावयाचा. देशसेवा हीदेखील शिकून करावयाची गोष्ट आहे, ही कल्पना त्या काळात नवीन होती. आजही ती फार जुनी झाली आहे, असे आम्हांस वाटत नाही.

प्राथमिक शिक्षणाचे विधेयक

आता मुख्य प्रकरणाकडे वळू. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी गोखल्यांनी प्रथम केली असे नव्हे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी ती केली होती. शेतकऱ्याच्या घामातून जमलेला महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि शेतकऱ्याचे मूल निरक्षर राहते, हे जोतीरावांनी स्पष्ट मांडले होते. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सर्व राज्यास लागू केला. गोखल्यांनी हा प्रश्न हिंदुस्थानच्या सर्वोच्च कायदेमंडळात नेला आणि त्यास विधेयकाचे रूप दिले.

१८ मार्च १९१० रोजी त्यांनी प्रथम ठराव मांडला व सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर तो मागे घेतला. त्याच वर्षाअखेरीस हिंदुस्थान सरकारात शिक्षणाचे स्वतंत्र खाते निर्माण झाले. परंतु सक्तीविषयी सरकार हालेना, तेव्हा १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयकच दाखल केले. ब्रिटिश हिंदुस्थानात एकंदर लोकसंख्येच्या शेकडा १.९ इतकीच मुले शाळेत आहेत आणि शेजारच्या बडोद्यात हेच प्रमाण शेकडा ८.६ आहे, हा त्यांचा बिनतोड मुद्दा होता. जे एका संस्थानिकास साधते ते साम्राज्यास का साधू नये, हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राही.

विधेयक पाहता ते किती सावध होते याचे नवल वाटते. सक्ती सर्व देशावर एकदम नव्हती. ज्या नगरपालिकेच्या वा जिल्हा बोर्डाच्या हद्दीत आधीच ठरावीक प्रमाणात मुलगे शाळेत जात असतील, तिने सरकारच्या संमतीने ती आपल्या हद्दीपुरती लागू करावी. हे प्रमाण शेकडा ३३ असावे, असे गोखल्यांनी सुचवले होते. सक्ती ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांपुरती. मुलींचा विचार मागाहून. दरमहा १० रुपयांहून अधिक प्राप्ती नसलेल्या पालकाकडून फी घ्यावयाची नाही. खर्चाचा एक तृतीयांश वाटा स्थानिक संस्थेने आणि दोन तृतीयांश सरकारने उचलावा. मुलींना मागे ठेवणे आज आपणांस खटकते, आणि खटकावयासच हवे. स्त्रीशिक्षणाचा पुरस्कर्ता असलेल्या माणसाने ही तडजोड विधेयक तरून जावे एवढ्यासाठी केली.

येथे पालकांच्या निवडीचा प्रश्न येतो. मुलाने शाळेत जावे की बापाबरोबर शेतात, हे ठरवण्याचा हक्क बापाचा. सरकारने त्यात का पडावे, असा आक्षेप त्या काळीही होता. त्यास विधेयकातच उत्तर होते. घरापासून मैलभराच्या आत मान्यताप्राप्त शाळा नसेल, किंवा आहे त्या शाळेतील धार्मिक शिक्षण पालकास मान्य नसेल, तर मूल न पाठवल्याबद्दल त्यास दोष लागणार नव्हता. शिवाय सक्ती लागू करावयाची तर शाळेची सोय आधी स्थानिक संस्थेने करावयाची होती. विधेयकाचा खरा बोजा बापावर नव्हता, राज्यकर्त्यावर होता. बापास शाळेचा हुकूम होण्यापूर्वी सरकारने त्याच्या दाराशी शाळा आणून उभी करावयाची होती. ज्याच्यापुढे शाळाच नाही, त्याच्या निवडीच्या स्वातंत्र्याचा गौरव करणे म्हणजे उपाशी माणसास पक्वान्नांची यादी वाचून दाखवण्यासारखेच.

गोखल्यांची दृष्टी याहून दूर पोचत होती. इंग्लंडचा इतिहास त्यांस मुखोद्गत होता. तेथे १८६७ साली शहरांतील कामगारांस मताधिकार मिळाला आणि अवघ्या तीन वर्षांत, १८७० साली, प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. राज्याची सूत्रे ज्यांच्या मतांवर हलणार, त्यांस लिहिता-वाचता आले पाहिजे, हे तेथील राज्यकर्त्यांस भीतीपोटी का होईना कळले. गोखल्यांनी आपले विधेयक या व नंतरच्या विलायती कायद्यांच्या धर्तीवर बेतले होते. ज्यास सावकाराचे खत वाचता येत नाही त्यास सरकारचे अंदाजपत्रक कसे कळणार, आणि ज्यास ते कळत नाही त्याच्या नावाने स्वराज्य तरी कोण चालवणार, हा या सर्व खटाटोपामागचा विचार होता.

पराभव आणि त्यानंतर

विधेयकावर देशभर चर्चा झाली. काँग्रेसने व मुस्लिम लीगने तत्त्वतः पाठिंबा दिला. परंतु प्रांतिक सरकारे विरुद्ध गेली. लोकांची मागणी नाही, शिक्षक नाहीत, इमारती नाहीत, स्थानिक संस्था कर बसवावयास तयार नाहीत, अशी कारणे पुढे आली. काही मुस्लिम सभासदांस शाळेच्या भाषेची चिंता होती. मजूर लिहू-वाचू लागला तर तो शेतात राबणार नाही, ही धास्ती जमीनदारांस होती आणि ती केवळ इंग्रजांची नव्हती, हे आपण विसरू नये. मार्च १९१२ मध्ये दोन दिवस चर्चा होऊन मत घेतले गेले. पंडित मालवीय आणि बॅरिस्टर जिना यांच्यासारखे सभासद बाजूने असतानाही अनुकूल मते १३ पडली व प्रतिकूल ३८. पराभव होणार हे गोखल्यांस भाषणास उभे राहण्यापूर्वीच ठाऊक होते. तरीही त्यांनी प्रत्येक आक्षेपास आकड्यांनिशी उत्तर दिले, कारण ते भाषण त्या दिवशीच्या मतांसाठी नव्हतेच.

प्रकृती आधीच ढासळली होती. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेचा प्रवास, मागोमाग पब्लिक सर्व्हिस कमिशनचे काम, यांनी ती पार खचली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वय अवघे ४८.

हरलेल्या विधेयकाने पुढे अनेक घरे वसवली. आपल्या म्हैसूर संस्थानात १९१३ सालीच सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. तेव्हा दिवाण होते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या, ज्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले आणि ज्यांनी मुंबई इलाख्यात चाकरी करीत असता रानडे-गोखले यांचा सहवास अनुभवला होता. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीचे शिक्षण सुरू केले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता कायदा झाला, आणि दोन-तीन वर्षांत इतर प्रांत त्याच वाटेने गेले.

तरीही कागदावरचा कायदा आणि गावातली शाळा यांत अंतर राहिले. १९५१ च्या जनगणनेत देशात शेकडा १८ च साक्षर होते, आणि त्याच सुमारास झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १७ कोटींहून अधिक मतदार होते. इंग्लंडात मताधिकारापाठोपाठ शाळा आली. आपणाकडे मत आधी आले आणि शाळा रेंगाळत राहिली. म्हणूनच मतपेट्यांवर बैलजोडी आणि झोपडी अशी चित्रे लावावी लागली. निरक्षर मतदाराने आपले मत शहाणपणाने वापरले, हे खरेच आहे. परंतु त्याचे शहाणपण ही राज्यकर्त्यांची कर्तबगारी नव्हे. शिक्षण हा मूलभूत हक्क २००२ सालच्या घटनादुरुस्तीने ठरला, आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. गोखल्यांच्या विधेयकास तोवर नव्याण्णव वर्षे झाली होती.

बंगळुरातील गोखले

शाळा हे लोकशिक्षणाचे अर्धे अंग झाले. शाळा सुटल्यावर प्रौढ नागरिकाने सार्वजनिक प्रश्नांचे ज्ञान मिळवीत राहावे, हे दुसरे अर्धे अंग. त्याची उपासना या नगरीत एका कन्नड सत्पुरुषाने केली. देवनहळ्ळी वेंकटरमणय्या गुंडप्पा, म्हणजेच डी. व्ही. जी., यांचे शिक्षण मॅट्रिकच्या उंबरठ्यावरच थांबले होते. वृत्तपत्रकार, कवी, तत्त्वचिंतक म्हणून कर्नाटक त्यांस वंदन करते. त्यांनी गोखल्यांचे चरित्र कन्नडात लिहिले, आणि १९४५ साली, स्वातंत्र्य दाराशी आले असताना, सार्वजनिक प्रश्नांच्या अभ्यासासाठी गोखल्यांच्या नावाने संस्था काढली. बुल टेंपल रस्त्यावर, नरसिंहराजा कॉलनीत ती उभी आहे. ग्रंथालय, अभ्यासवर्ग, व्याख्याने आणि नियतकालिक यांद्वारे मतदारास डोळस करणे, हा तिचा हेतू. १९७० साली नागरिकांनी डी. व्ही. जीं.ना थैली अर्पण केली, तीही त्यांनी संस्थेसच देऊन टाकली. आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत असते की, ही संस्था इथल्या मराठी मंडळींनी काढली असावी. तसे नाही, आणि तसे नाही यातच गोखल्यांचे मोठेपण आहे.

आमचे मागणे

चरित्र सांगून झाले. आता दोन शब्द स्वतःस आणि वाचकांस. बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरताना आम्ही एक गोष्ट सर्वत्र पाहिली. ज्या पालकांस चांगल्या शाळेची पारख असते, तेच सरकारी शाळा प्रथम सोडतात. आणि ते गेले की, तेथील गळक्या छपराविषयी वा रिकाम्या शिक्षकपदाविषयी साहेबापुढे जाऊन बोलणारे कोणी उरत नाही. आपल्या मुलासाठी उत्तम शाळा निवडणे यात गैर काहीच नाही. परंतु ज्यांस निवड नाही त्यांची शाळा चांगली असावी, हे पाहण्याचे कर्तव्य निवड असलेल्यांवरच येते. मंडळाच्या प्रत्येक सभासदाने आपल्या वस्तीतील कन्नड सरकारी शाळेत वर्षातून एकदा जरी डोकावले, तरी पुष्कळ होईल.

दुसरे असे की, आपण येथे मतदान करतो, पण येथील कारभार ज्या भाषेत चालतो ती भाषा आपल्यापैकी किती जणांस वाचता येते? पुण्या-मुंबईच्या बातम्या आपणांस तोंडपाठ असतात. आपल्या वॉर्डातल्या तलावाचे काय झाले, हे मात्र शेजाऱ्यास विचारावे लागते. कन्नड वाचता न येणारा मराठी पदवीधर या बाबतीत त्या जुन्या निरक्षर मतदाराहून वेगळा नाही. मराठी घरात जपावी आणि कन्नड वाचावयास शिकावे, यांत विरोध नाही. गोखल्यांवर कन्नडात लिहिणाऱ्या डी. व्ही. जीं.नी तो कधी मानला नाही. मंडळाने पुढील पन्नास वर्षांच्या आरंभी एक कन्नड वाचनवर्ग सुरू करावा, अशी सूचना करून, आणि सर्व सभासदांस सुवर्णमहोत्सवाच्या शुभेच्छा देऊन, आम्ही लेखणी खाली ठेवतो.